घरची रांग

बोर्डरूमच्या छताला झुंबर टांगायचं काम चाललं होतं, परांची बांधलेली होती, म्हणून कुटुंबाची बैठक खोट्या विमानात भरली.

खोटं विमान म्हणजे ट्रेनिंग स्कूलच्या शेडमधलं केबिन. खुर्च्या खऱ्या, पट्टे खरे, खिडक्याही खऱ्या. पंख, इंजिनं आणि आकाश तेवढं नव्हतं. नव्या एअर होस्टेस इथे ट्रॉली ढकलायला आणि धूर झाला तर माणसांना बाहेर काढायला शिकत. आज त्यांना सुट्टी देऊन मालक मंडळी येऊन बसली होती, आणि इथेही कुणाची सवय सुटली नव्हती. अण्णा आणि त्यांचा मुलगा दादा कुणाला न विचारता पहिल्या रांगेत गेले. दादाची बायको, वहिनी, पॅसेजच्या पलीकडे, पण पहिल्याच रांगेत. दादाची बहीण, धाकटी, तेवढी मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसली, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर बाकीच्यांना माना वळवाव्या लागत. अण्णांची मान आता वळत नसे. ते समोरच्या भिंतीशी बोलत होते.

"आली का ती?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"कुठली येतेय! सकाळी पोचते म्हणाली, दुपार झाली," दादा म्हणाला. "चार विमानांची मालकीण, आणि स्वतःला वेळेवर आणता येत नाही."

वहिनी हसली. दादाच्या विनोदाला हसायचं हे तिने लग्नानंतर लवकरच शिकून घेतलं होतं.

आत्या अण्णांची धाकटी बहीण. वाटणी झाली तेव्हा अण्णांनी तिला दोन जुनी विमानं दिली, मूळ कंपनीतला तिचा हिस्सा राहू दिला आणि एक अट घातली: ह्या गावात तिने आपलं विमान उतरवायचं नाही. तिने दोनाची चार केली, चारही एकाच बनावटीची, आणि तिथे ती थांबली. दादा त्यांना चिमण्या म्हणायचा. त्याच्याकडे वीस होती. गेटवरचा वॉचमनसुद्धा 'आपली वीस' म्हणताना छाती जराशी पुढे काढायचा. गंमत एवढीच, की चिमण्या दर वर्षी नफ्यात होत्या आणि वीसच्या वीस गरुड लागोपाठ तिसऱ्या वर्षी तोट्यात. ह्या गमतीवर घरात कुणी हसत नसे.

आणि आज आणखी दहा घ्यायची होती, मोठी, कोरी करकरीत. करार वहिनीच्या पुढ्यातल्या घडीच्या टेबलावर ठेवला होता. पाच भागीदार हजर हवेत आणि त्यातल्या तिघांच्या सह्या हव्यात, असा घरचा नियम होता. अण्णांची सही झाली होती, दादाची झाली होती, तिसरी वहिनीची व्हायची होती. सासूबाईंनी जाताना आपला हिस्सा सुनेच्या नावावर केला होता, आणि दादा बोट ठेवील तिथे सही करायची एवढाच त्या हिश्श्याचा उपयोग वहिनीने आजवर केला होता. विमानं विकणारे पाहुणे गेस्ट हाउसवर चहा पीत बसले होते. खोळंबा होता तो फक्त आत्याचा.

शेवटी ती आली. केबिनच्या मागच्या दारातून, भिंतीला धरून. चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि चेहरा उन्हाने लाल. वहिनीने उठून पाण्याची बाटली पुढे केली, आत्याने ती उभ्यानेच अर्धी संपवली.

"चिमण्यांचं वेळापत्रक बिघडलं वाटतं?" दादाने विचारलं.

"टॅक्सीने आले रे," आत्या म्हणाली. "घाटात एक ट्रक आडवा झाला होता. माझ्यामुळे सगळ्यांना ताटकळावं लागलं."

"आत्या, पुढे ये की," धाकटी म्हणाली. "पहिल्या रांगेत एक जागा आहे."

"नको, इथेच बरं आहे." ती धाकटीच्या शेजारी टेकली आणि तिने चपलांमधून पाय मोकळे केले.

धाकटी कंपनीत तिकिटांचे दर ठरवायची. कुठल्या विमानातली कुठली जागा कितीला जाईल, हे तिला तोंडपाठ असे, आणि म्हणूनच घरात तिला 'वाणीणबाई' असं नाव पडलं होतं. आज बोलायचंच, असं ठरवून ती आली होती. पण तोंड उघडताना नेहमीसारखाच तिचा आवाज बारीक झाला, आणि त्याची तिला लाज वाटली.

"दादा, दहा विमानं घेतल्याने काय बदलणार आहे, ते मला एकदा समजावून सांग."

"पुन्हा तेच? अगं, पसारा मोठा झाला की खर्च वाटला जातो. बँका दारात उभ्या राहतात. लहान माणसाला ह्या धंद्यात कुणी विचारत नाही."

"आपण लहान आहोत का? आत्याच्या पाचपट माणसं नेली आपण गेल्या वर्षी. आणि प्रत्येक फेरीत खड्ड्यात गेलो. फेरीगणिक तोटा होत असेल तर जास्त फेऱ्या म्हणजे जास्त तोटा. ह्यात समजायला कठीण काय आहे?"

"तू दुकान चालवतेस, मी कंपनी चालवतो."

"मग कंपनीचंच सांगते. आपल्याकडे चार जातींची विमानं आहेत. जे दिसायला भारी वाटलं ते आणलं. चार जातींचे सुटे भाग भरून ठेवायचे, मेकॅनिक चार तऱ्हांचे. परवा एक पायलट आजारी पडला तर बाकीचे सहा जण मोकळे बसले होते, कारण त्यांचं लायसन्स दुसऱ्या जातीचं! फेरी रद्द. आत्याकडे कुणीही पायलट उठून कुठल्याही विमानात बसतो. आता ही पाचवी जात आणतोयस तू."

"आत्याचं कौतुक पुरे."

"मी गप्प बसलेय हं," आत्या म्हणाली.

खरं तर दादाला हे सगळं ठाऊक होतं. धाकटीने सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं. तो काही मठ्ठ नव्हता. पण या धंद्यातली माणसं कुठेही भेटली की हातात हात देतानाच विचारत, "किती विमानं?" तिथे 'वीस' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत जे दिसे, त्याची त्याला चटक लागली होती. "कमावता किती?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, या विचाराने त्याचे कान तापत. आणि कान तापले की त्याचा आवाज चढे.

"हे बघ, तुझ्याकडे दुसरा काही उपाय असेल तर बोल. नुसती रडगाणी नकोत."

"आहे ना. घरच्या रांगेपासून सुरुवात करू."

 अण्णांनी मान वळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

प्रत्येक विमानातली पहिली रांग घरच्यांसाठी राखलेली असे. चार जागा, प्रत्येक फेरीला. घरचं कुणी आलं तर बसे, नाहीतर त्या रिकाम्या उडत. घरची माणसं होती मोजून पाच, त्यातली आत्या तर कधी फिरकतच नसे. कंपनीतल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई: दुसरं काय वाटेल ते विका, घरची रांग विकायची नाही.

"ती रीत आहे," अण्णा भिंतीला म्हणाले. "पहिल्या विमानापासूनची."

"अण्णा, पुढच्या जागेला सगळ्यांत जास्त भाव मिळतो. लोक मागतात. आपण नाही म्हणतो. विमान उडालं की ती जागा गेली, उद्या ती पुन्हा विकता येत नाही." धाकटीचा आवाज आता स्थिर झाला होता. "आजचंच घ्या. सकाळचं काचगावाहून येणारं विमान. मागचं सगळं भरलेलं. काउंटरवरच्या मुलीचा मला फोन आला, एक वयस्कर बाई आहेत, कितीही पैसे लावा म्हणतात, पण आजच पोचायचंय. मी म्हटलं, दे घरच्या रांगेतली जागा. ती म्हणाली, मॅडम, त्याला दादासाहेबांची परवानगी लागते. मी म्हटलं, मग विचार त्यांना." तिने दादाच्या मानेकडे पाहिलं. "तिने तुला विचारलं. तू नाही म्हणालास. विमान तीन रिकाम्या जागा घेऊन उडालं."

काचेचे कारखाने तिथे म्हणून कंपनीतले सगळे त्या गावाला काचगावच म्हणत.

"तीन नव्हत्या," वहिनी पटकन बोलून गेली. "दोनच. मी होते ना त्या विमानात. मी आणि झुंबर."

"झुंबर?"

"खोका खाली ठेवला तर फुटेल म्हणाले कारखान्यातले लोक. म्हणून शेजारच्या सीटवर ठेवला. त्या मुलीने पट्टासुद्धा लावून दिला त्याला." हे सांगताना वहिनी पुन्हा हसली, आणि मग तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

तिला सकाळ आठवली. विमानात बसल्यावर ती पुढच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. काउंटरच्या काचेपलीकडे एक बाई पाठमोरी उभी होती, हातात छोटी पिशवी, खांदे जरा झुकलेले. मग ती बाई वळून रस्त्याकडे चालायला लागली. वहिनीने मनाशी म्हटलं होतं, बिचारीचं विमान चुकलं वाटतं. आणि तिने खोक्याची दोरी नीट केली होती.

वहिनीने हळूच मागे वळून पाहिलं. तीच पिशवी तिसऱ्या रांगेत आत्याच्या मांडीवर होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही राहता काचगावातच ना?"

 आत्या वाकून चपलांची धूळ झटकायला लागली.

धाकटीला आधी कळलं, मग दादाला. अण्णांना मागचं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. "काय झालं? कोण होती ती बाई?" ते दोनदा म्हणाले. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

 काउंटरवरच्या मुलीचा फोन आला तेव्हा दादा दाढी करत होता. पाहुण्यांचा दिवस, डोक्यात करार, आणि ही पोरगी कुठल्यातरी म्हातारीचं घेऊन बसली होती. 'घरची रांग विकायची नाही' एवढंच म्हणून तो थांबला नव्हता. पुढे म्हणाला होता, 'आणि असल्या बायकांना बसने जायला काय होतं? विमानाचे चोचले कशाला?' ते वाक्य आता त्याला जसंच्या तसं आठवलं. मुलीने ते आत्याला सांगितलं असेल का? एवढी अक्कल असेल ना तिला, की नुसतं नाही म्हणून सांगावं?

"आत्या," तो म्हणाला, "नाव का नाही सांगितलंस? एकदा नाव सांगितलं असतं तर..."

"तर फुकट बसवलं असतं. माहितीये मला." आत्याने पिशवी बाजूला ठेवली. "मला विकत हवी होती रे जागा. तुमच्या कंपनीत माझा हिस्सा आहे. मीच फुकट बसले तर तोटा कुणाचा?"

"घरच्या बाईने काउंटरवर उभं राहायचं!" अण्णा एकदम म्हणाले. रागावल्यासारखे, पण राग कुणावर काढायचा ते त्यांना समजत नव्हतं. "तुझी जागा पहिल्या रांगेत. घरचा मान आहे तो!"

"मान?" आत्या उठली. पॅसेजमधून पुढे आली आणि अण्णांसमोर, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे त्यांना आता तिच्याकडेच बघावं लागलं. "अण्णा, ती रीत कशी पडली, ते पोरांना सांगितलंस का कधी?"

अण्णा पट्ट्याचं बक्कल चाळवायला लागले.

"या पोरांची आई, माझी वहिनी, गेली, आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला आठवायचं? आपल्या पहिल्या विमानाचं दार नीट बसायचं नाही. त्याच्याशेजारी पहिली जागा. वारा असा यायचा की दात वाजायचे, वर इंजिनचा धूर. तू म्हणालास, पैसे मोजणारं माणूस इथे बसवायचं नाही, इथे घरचं माणूस बसेल. चांगल्या जागा गिऱ्हाइकाला. म्हणून तिथे मी बसायचे. पाय पोत्यात घालून, दाराची दोरी मनगटाला गुंडाळून. मी नसले की वहिनी बसायची." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "ती घरची जागा होती, कारण ती सगळ्यांत वाईट होती."

दादाने वडिलांकडे पाहिलं. लहानपणापासून तो ऐकत आला होता, की अण्णांनी पहिल्या दिवसापासून घरच्यांना पुढे बसवलं. त्याने तेच वीस विमानांत नेलं होतं, मोठ्या अभिमानाने, आणि हे अभिमानाचं काम आपल्या हातून नीट होतंय असं त्याला वाटत होतं.

 अण्णा विसरले नव्हते. दोरीचे वळ बहिणीच्या मनगटावर त्यांनी पाहिले होते, रात्री तेल लावून दिलं होतं. पण पुढे विमानं बदलली, दारं नीट बसायला लागली, पुढची जागा गुबगुबीत झाली, आणि कुणी तरी म्हणालं, काय थाट आहे मालकांचा! ते ऐकायला त्यांना बरं वाटलं. त्यानंतर खरं सांगायला कधी तोंड उघडलं नाही. ज्या बहिणीने दार धरलं तिलाच आपण गावाबाहेर काढलं, हे त्यांना आज, या पंख नसलेल्या विमानात बसून, आपल्या मुलांसमोर कळलं. त्यांना मान खाली घालायची होती. ती तेवढी घालता आली.

"झालं गेलं," ते कसंबसं म्हणाले.

"हो, झालं," आत्या म्हणाली. "मी उकरून काढायला आले नव्हते. कराराला माझा नकार आहे, तेवढं सांगायला आले होते. तेही फोनवर सांगितलं असतं, पण नियम आहे ना, हजर राहायचं."

"माझाही नकार," धाकटी म्हणाली.

दादाने बायकोकडे पाहिलं. पेन तिच्या हातातच होतं, टोपण काढलेलं. त्याच्या नजरेत सगळं होतं: पाहुणे बसलेत, मी शब्द दिलाय, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. वहिनीला ती नजर ओळखीची होती. इतकी वर्षं तिने ती सांभाळली होती.

"अहो," ती म्हणाली, "मी झुंबर मांडीवर घेतलं असतं."

"काय?"

"मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी ते मांडीवर घेऊन बसले असते. पण खरं सांगू? त्या बाईला मी पाहिलं होतं. पाठमोरी. माझ्या शेजारी जागा आहे, हे मला दिसत होतं, आणि ती तिला द्यावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आत्याबाई होत्या म्हणून आत्ता लाज वाटतेय. दुसरी कुणी असती तर वाटली असती का, देव जाणे." तिने पेनाला टोपण लावलं. कागद उचलून तिने नीट जुळवले आणि दादाच्या मांडीवर ठेवले. "मी सही करणार नाही. मोठ्या विमानात ही रांग आणखी मोठी होईल, एवढंच कळतं मला."

दादा चिडेल असं सगळ्यांना वाटलं. तो चिडला नाही. कागद हातात घेऊन तो बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पहिल्या रांगेत बसणं नकोसं झालं. समोर भिंत, आणि मागून सगळ्यांची नजर मानेवर. मग तो उठला.

"पाहुण्यांना सांगून येतो," तो म्हणाला.

"मी येऊ?" धाकटीने विचारलं. भांडायला ती आली होती, पण जिंकल्याचा आनंद काही तिला होत नव्हता.

"नको."

तो मागच्या दाराने शेडबाहेर पडला. गेस्ट हाउस मैदानाच्या पलीकडे होतं. मधल्या फरशीवर त्याची दोन विमानं सकाळपासून उभी होती, एकाचं इंजिन उघडं, सुट्या भागाची वाट बघत. तो त्यांच्याकडे न बघता चालत होता. मागून चपलांचा आवाज आला. आत्या होती.

"हळू चाल, मला गेटपर्यंत यायचंय. टॅक्सी उभी केलीय."

"तू आता विमानाने जाशील. संध्याकाळच्या. मी..." मी जागा देतो, असं त्याच्या तोंडात आलं होतं. "तिकीट काढ," तो म्हणाला.

"बघते."

दोघं थोडं चालले. पाहुण्यांना काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं, पण त्याची आता त्याला भीतीही वाटत नव्हती. भीती दुसरीच होती. ती विचारल्यावाचून त्याला पुढे पाऊल टाकता येईना.

"आत्या, सकाळी फोनवर... त्या मुलीने तुला काय सांगितलं?"

"काही नाही. जागा नाही, म्हणाली. फार गोड पोरगी आहे. रडवेली झाली होती."

दादाने सुटल्यासारखा श्वास सोडला.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, न रागावता. ती गप्प राहू शकली असती, आणि तसा तिचा विचारही होता. पण हे पोर उद्याही वीस विमानं चालवणार होतं.

"फोन तिने स्पीकरवर ठेवला होता," ती म्हणाली. "बस स्टँडवर गेले होते मी. बस आधीच निघून गेली होती रे."